बंद कीबोर्डवरची बोटं

एका मुलीला मी बंद कीबोर्डवर टायपिंग शिकवलं. नुसता बंद नव्हे, त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती, कारण जोडायला काही शिल्लकच नव्हतं. चार महिने ती पोरगी शाळा सुटल्यावर माझ्यासमोर बसून खटखट करायची आणि मी टेबलावर पट्टी आपटत अक्षरं सांगायचे. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर दोघींना येड्यात काढलं असतं. काढलं असतं तर बरंच झालं असतं. पण आमच्या शाळेत मला सगळे हुशार समजत.

शाळा मंगळवेढ्याच्या पुढं, ज्वारीच्या रानात. मी राहते सोलापुरात, पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. म्हणजे सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी, आणि मधल्या वेळात संगणकाची मॅडम. पोरगी आमच्या शिपाईमामांची. मामा धनगराचे. थोरला भाऊ अजून मेंढरं घेऊन हिंडतो, मामा मात्र कैक वर्षं शाळेची घंटा देतात. पोरगी बारावी होऊन घरात बसली होती. एक दिवस मामांनी माझा चहा टेबलावर ठेवला आणि तिथंच उभे राहिले.

"मॅडम, भावकी लई बोलाय लागलीया. पोरगीला कुटं काम लागलं तर मी थांबतो. न्हाय लागलं तर वैशाखात उरकून टाकतो."

"तिला विचारलंत का?"

"तिलाच काम करायचं हाय की. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

सोलापुरात एक कंपनी दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला टायपिंगची परीक्षा घेऊन मुली भरती करते, हे मला ठाऊक होतं. कागदावरचा इंग्रजी मजकूर दहा मिनिटं टाईप करायचा. चुका कमी निघाल्या की काम, आणि राहायला होस्टेल. मी मामांना मोठ्या तोंडानं म्हणाले, "पोरगी माझ्यावर सोडा. तुम्ही निवांत राहा." मामा खरंच निवांत झाले. माणसानं इतका विश्वास ठेवू नये दुसऱ्यावर.

आता कुणीही विचारेल, मंगळवेढ्यात क्लास नाहीत का? आहेत की. पण मामा पोरगीला एकटीला एसटीनं पाठवायला तयार नव्हते. म्हणायचे, माझ्या नजरेसमोर, शाळेत काय शिकवायचं ते शिकवा. माझ्या घरी म्हणाल तर मोबाईल सोडून काही नाही. शाळेत चालू म्हणावा असा एकच संगणक, तो हेडसरांच्या खोलीत. शासनाचं रोज काहीतरी ऑनलाईन भरायचं असतं, त्यासाठी क्लार्क दिवसभर त्याला चिकटलेला, आणि क्लार्क उठला की हेडसर खोलीला कुलूप लावणार. "पोरीटोरी हात लावतील, व्हायरस येईल," असं म्हणायचे. जसं काही पोरींच्या हाताला खरूज आहे.

आणि संगणक कक्ष? दारावर पाटी होती. आत दहा संगणक एका योजनेतून आले होते, मी नवीन नवीन लागले तेव्हा. व्होल्टेजनं तीन गेले, उंदरांनी दोन खाल्ले, बाकीचे धुळीनं आणि वयानं. मी शेवटचा चालू ठेवण्यासाठी बाकीच्या नऊंचे अवयव काढून त्याला लावत होते. तोही गेला. त्यानंतर फळ्यावर संगणकाचं चित्र काढून शिकवत होते. हा माऊस, हा मॉनिटर. चौथीच्या पोरांना हत्ती दाखवतात तसं.

मला मात्र काही टाकवत नाही, ही आमच्या घरची खोड. वडील यंत्रमागावर, अम्मा घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. आमच्या घरात तुटलेला धोटा किल्ल्या अडकवायला, सुताचे रिकामे कोन पेन ठेवायला, चादरीच्या कडा कापलेल्या चिंध्यांचं पायपुसणं. काही टाकायला गेलं की अम्मा ओरडायची, "पारेय्यकु!" टाकू नको. तेलुगूत मला शिव्या कमी आणि हाच शब्द जास्त ऐकायला मिळाला. तर मी त्या दहा मेलेल्या संगणकांची चिरफाड सुरू केली.

काय काय केलं म्हणून सांगू! डब्यांतले छोटे पंखे काढले, दहा पंखे एका चौकटीत बसवले, मागं वाळ्याचा ओला पडदा आणि यूपीएसच्या जुन्या बॅटरीवर चालवले. एप्रिलमध्ये नववीच्या वर्गात गार वारं. हेडसर स्वतः येऊन पंधरा मिनिटं उभे राहिले, चेहरा अगदी समाधी लागल्यासारखा. हार्ड डिस्क फोडल्या की आतून जबरदस्त लोहचुंबक निघतात, ते शिवणाच्या तासाला सुया गोळा करायला दिले. त्यांच्यातल्या चकचकीत चकत्या मुलींनी आरसा म्हणून वेणी घालायला पळवल्या. जुन्या सीड्या मामांनी नेल्या आणि ज्वारीच्या शेतात दोरीनं लटकवल्या, पाखरं भितात म्हणून. एका मॉनिटरचं रिकामं खोकं त्यांच्या अंगणात कोंबडीला दिलं. तिनं त्यात अंडी घातली. मामा आल्या-गेल्याला सांगायचे, "आमची कोंबडी ऑनलाईन हाय." मदरबोर्ड मी भूगोलाच्या सरांना दिला. ते त्याच्यावर शहराची रचना शिकवायचे, हा एसटी स्टँड, ही बाजारपेठ, हा रेल्वेचा मार्ग. पोरं हसायची, मला बरं वाटायचं. तालुक्याच्या प्रदर्शनात "टाकाऊतून टिकाऊ" मध्ये आमचा पहिला नंबर आला. मी वर्तमानपत्रातल्या बातमीचं कात्रण पर्समध्ये ठेवून हिंडत होते. लाज वाटते आता.

मामा माझ्याकडं आले त्याच वर्षी पावसाळ्यात वरून एक फॉर्म आला. शाळांना नवीन संगणक द्यायचे होते, त्यासाठी सध्याची माहिती हवी होती. हेडसर म्हणाले, मॅडम, तुमचा विषय, तुम्हीच भरा. एक रकाना होता: किती संगणक, आणि पुढं, सद्यःस्थिती. तिथं तीनच पर्याय होते. वापरात, नादुरुस्त, निर्लेखित.

मी किती वेळ त्या रकान्याकडं बघत बसले होते ते आठवतंय. नादुरुस्त कसं लिहू? माझे पंखे फिरत होते, माझे चुंबक सुया उचलत होते. माझी एवढी मेहनत नादुरुस्त? मला वाटलं, वरच्या साहेबाला कळू दे की या शाळेत काही वाया जात नाही. अशा शाळेला तर आधी संगणक देतील. मी "वापरात" वर टिक केली, दहाच्या दहा, आणि खाली शेऱ्यात सगळे उपक्रम लिहिले.

साहेब आलेसुद्धा बघायला. पंख्यांसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. "नावीन्यपूर्ण उपक्रम," असं वहीत लिहिलं. पोरगी तेव्हा दारात उभी होती, चहाचे कप न्यायला बापाला मदत करत. मी तिला डोळ्यानं खुणावलं, बघ, आता येतायत मशिनी. ती लाजून हसली आणि कप घेऊन पळाली.

दिवाळीच्या आधी यादी लागली. आमच्या शेजारच्या गावाच्या शाळेचं नाव होतं, त्याच्या शेजारच्याचं होतं, आमचं नव्हतं. मी सोलापूरच्या ऑफिसात गेले, तावातावानं. तिथल्या बाईंनी शांतपणे आमचा फॉर्म काढला.

"मॅडम, तुमचे दहाच्या दहा वापरात आहेत की."

"अहो, ते पंखे म्हणून वापरात आहेत!"

"तसा रकाना नाही ना." त्यांना माझी दया आली असावी, खुर्ची सरकवून बसा म्हणाल्या. "आधी निर्लेखन करून घ्यायचं असतं. म्हणजे मेलंय असं कागदावर लिहून घ्यायचं. मग नवीन मागायचं."

"मग आता निर्लेखन करू या."

"निर्लेखनाला वस्तू जागेवर पूर्ण दाखवावी लागते. तुमच्या वस्तू आहेत कुठं?"

मला कोंबडी आठवली. ज्वारीच्या शेतातल्या सीड्या आठवल्या. वस्तू नाहीत म्हणून त्यांना मेलं म्हणता येईना, आणि मेलं म्हणता येईना म्हणून नवीन मिळेना. जिना उतरताना मी स्वतःलाच इतक्या शिव्या दिल्या की खालचा वॉचमन बघायला लागला. चिंधीसुद्धा टाकू नको म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवायचं, की काही वस्तू वेळेवर टाकाव्या लागतात? शासनाच्या दारात मेलेली म्हैस आख्खी न्यावी लागते. मी तिचं कातडं सोलून, शिंगांच्या फण्या करून, मग नुकसानभरपाई मागायला गेले होते.

पण परीक्षा तर फाल्गुनात होती. पोरगी रोज संध्याकाळी येऊन दारात उभी राहायची. "मॅडम, आलं का?" मी एकदा म्हणाले, येतंय. दोनदा म्हणाले, येतंय. तिसऱ्यांदा मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

राहिले होते ते फक्त कीबोर्ड. त्यांचं काय करावं हे मला सुचलं नव्हतं म्हणून ते वाचले होते. जुने, गोल पिनचे, आता कशालाच न लागणारे. धूळ अशी बसलेली की बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं. मी सगळे पोत्यात घालून घरी आणले. बटणं उचकटून काढली, चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली, सकाळी घासून गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत टाकली. शेजारच्या गच्चीवर एका अक्काच्या कुरडया वाळत होत्या. तिनं डोकावून तेलुगूत विचारलं, हे काय तळायचं आहे का? त्या दिवशी मी खूप हसले.

वाळल्यावर कळलं की बहुतेक बटणांवरची अक्षरं आधीच झिजलेली होती, उरलीसुरली माझ्या घासण्यानं गेली. दहातून धड असे चार कीबोर्ड जुळले. कोरी बटणं बसवली आणि लाल नेलपॉलिशनं एकेका बटणावर अक्षर लिहीत गेले. कुठलं अक्षर कुठं हे मला पाठ आहे, वीस वर्षं तेच केलंय. वडील मागावरचा तुटलेला धागा न बघता सांधायचे, तसं माझं होतं. रेडिओ चालू होता, तोंडानं ए बी सी डी चालू होतं, हात चालू होता. चारांतला सगळ्यात चांगला निघाला तो मी पोरगीला दिला. तिनं त्याच्या कोपऱ्यावर स्वतःच्या कपाळाची टिकली काढून लावली.

मग आम्ही सुरू केलं. पडदा नाही म्हणून मी एक नियम केला: मान वर करायची नाही. कागदाकडं बघायचं, बोटांकडंही बघायचं नाही. "चांगला टायपिस्ट पडद्याकडं बघतच नाही," असं मी तिला ठणकावून सांगितलं. नाहीच आहे तर त्याला गुण म्हणून शिकवलं. पहिले पंधरा दिवस ती बटणं बघून मारायची, मग मी वर वर्तमानपत्र धरलं, मग तेही लागेना. पोरगी जात्याच चपळ. मेंढरं वळवणाऱ्यांच्या घरातली, तिच्या बोटांत दम होता. माघ संपेपर्यंत ती माझ्यापेक्षा भराभर मारायला लागली. मी अक्षरं सांगताना मला धाप लागायची आणि ती म्हणायची, "मॅडम, जरा बिगीबिगी की!"

मामा दाराबाहेर झाडू घेऊन ऐकत उभे असायचे. आवाज ऐकून त्यांना कळायचं पोरगी पुढं चाललीय. "पावसावाणी वाजतंय," म्हणायचे. मी म्हणाले, "मामा, परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला माझ्याकडं राहायला पाठवा. एखाद्या चालू मशिनीवर तासभर बसवते." ते मान हलवत म्हणाले, "लगीन न झालेली पोर रात्रीची भायेर न्हाय मॅडम. सकाळच्या गाडीनं आणतो की." मीही फार आग्रह केला नाही. मला वाटलं, बोटं बसलीयत, एवढं पुरे.

परीक्षेला मामा, ती आणि मी. मामांनी धुतलेली टोपी घातली होती. पोरगी आत गेली, आम्ही बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे. दहा मिनिटं व्हायच्या आतच ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली, गाल लाल झालेले. "मॅडम, कागद संपला की माझा! बाकीच्या अजून मारतायत." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, चला, देवानं बघितलं.

तासाभरानं यादी लावली. ती आम्ही तिघांनी मिळून वाचली, वरून खाली आणि पुन्हा खालून वर. तिचं नाव नव्हतं.

मी आत गेले. परीक्षा घेणारा माणूस तरुण होता, चांगला होता. त्यानं मशिनीवर तिचा कागद उघडला आणि डोकं खाजवलं. "मॅडम, मीही मघाशी बघतच राहिलो. स्पीड आज सगळ्यात जास्त हिचा आहे. पण हे बघा. एन आहे तिथं एम, आणि एम आहे तिथं एन. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ‘नेम’चं ‘मेन’, ‘मॅन’चं ‘नॅम’. बाकी कुठं एक चूक नाही." मी म्हणाले, एकदा परत बसवा तिला, हात जोडते. तो म्हणाला, सबमिट झालं की माझ्या हातात राहत नाही. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "कुठं शिकली हो ही?"

मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

परतीच्या एसटीत ती माझ्याशेजारी खिडकीला बसली, मामा पुढच्या सीटवर, पाठमोरे. टाकळी मागं पडली. मग म्हणाली, "मॅडम, बोट कुटं चुकलं माझं?" मी म्हणाले, एन आणि एमची अदलाबदल झाली. तिनं मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि बोटं चालवली. "हा एम," म्हणाली. "हा एन."

उलटं. मी तिच्या बोटांकडं बघत राहिले. खालच्या ओळीत एन आधी असतो, मग एम. ए बी सी डी म्हणताना एम आधी येतो, मग एन. गच्चीवर माझं तोंड चालू होतं. माझ्या हातानं तोंडाचं ऐकलं होतं. चालू मशीन असती तर पहिल्याच दिवशी पडद्यावर दिसलं असतं, दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं. मेलेल्या कीबोर्डवर कुणाची चूक कधी दिसतच नाही. ना तिची, ना माझी.

ती डोळे उघडून माझ्याकडं बघत होती. अजून तिला वाटत होतं मॅडम काहीतरी सांगतील. मी म्हणाले, "घाबरलीस गं तू. पहिल्यांदा मशीन समोर आली की होतं तसं."

"मी घाबरले नव्हते की," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "घाबरले असंन."

का बोलले मी तसं? मामा पुढं बसले होते म्हणून? ऐकू आलं असतं म्हणून? खरं सांगायचं तर मला हुशार राहायचं होतं. शाळेतली हुशार मॅडम. तेवढंच माझ्याजवळ होतं आणि ते मला टाकवलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिचा कीबोर्ड बघितला, एन आणि एम उलटे, माझ्याच हाताची अक्षरं होती, जराही शंका नाही. मामांनी नेहमीसारखा चहा आणून ठेवला. "नशिबात न्हाय, त्याला तुमी काय करणार," म्हणाले. तेव्हाही मी तोंड उघडू शकले असते. मी चहा प्यायले.

"पुढच्या वर्षी परत बसवू," मी म्हणून बघितलं. मामा म्हणाले, शब्द दिला होता भावकीला, काम लागलं तर थांबतो म्हणून. आता कुठल्या तोंडानं थांबू? पोरगीनं बापाशी वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालेल. तिला वाटत होतं संधी मिळाली होती आणि आपणच घालवली, मग कुठल्या हक्कानं भांडायचं? एवढं बळ तिच्यात उरू दिलं नाही ते माझ्या एका वाक्यानं.

वैशाखात लग्न झालं. शाळेचा सगळा स्टाफ गेला होता. ऊन रणरणत होतं, मांडवात पाण्याचे जार संपत आले होते. मी आहेर द्यायला स्टेजवर गेले तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला आणि शेजारी उभ्या असलेल्या सासूला माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या मॅडम. ह्यांनी लई जीव तोडून शिकवलं मला. माझंच डोकं चाललं न्हाय."

सासू म्हणाली, असू दे गं, घरात कुठं लागतंय ते. मी "हो," म्हणाले आणि खाली उतरून पंगतीला बसले.